चाळीस सेशन बुक करण्याआधी: न्यूरोफीडबॅक आणि औषधाविना उपायांचा क्रम

"चाळीस सेशनचे पैसे भरलेत, आता सुरुवात कधी करू या?" न्यूरोफीडबॅकबद्दल (मेंदूच्या विद्युत लहरी यंत्राने वाचून त्या बदलायला शिकवणारा सराव) हा प्रश्न आला की मी उलट विचारतो, निदान कुणी केलं? पलीकडे बहुतेक वेळा शांतता असते. मेंदूचा रंगीत नकाशा काढून झालेला असतो, पॅकेज घेतलेलं असतं, कधीकधी घरच्या घरी गोळ्याही बंद झालेल्या असतात. फक्त नक्की काय होतंय, हे कुणी तपासलेलं नसतं.

लक्ष न लागणं असो की मन सतत खाली राहणं, औषधाशिवाय करण्यासारखं बरंच आहे. ते उलट्या क्रमाने केलं की पैसा जातोच, आणि "सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही" असं मनात पक्कं बसतं. ते जास्त महागात पडतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. न्यूरोफीडबॅक सहाव्या टप्प्यावर आहे आणि तो मुद्दाम तिथे ठेवला आहे.

## १. आधी निदान

एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावळेपणा यांचा विकार) म्हणायला काही अटी लागतात. लक्षणं किमान ६ महिने टिकलेली हवीत, ती किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत (घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि कामावर), आणि त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून असायला हवीत. पस्तिशीतला माणूस म्हणतो, "दोन महिन्यांपासून लक्षच लागत नाही," तेव्हा संशय आधी दुसरीकडे जायला हवा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, थायरॉइड, शरीरातलं लोह कमी असणं, कमी ऐकू येणं, न लागलेला चष्मा, चिंता, डिप्रेशन. मूल अधूनमधून काही सेकंद शून्यात बघत राहतं, हाक मारली तरी भानावर येत नाही आणि नंतर त्याला ते आठवतही नाही, असं असेल तर अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) तपासणी आधी. असल्या मुलाला "लक्ष दे" म्हणून रागावण्यात वर्षं गेलेली असतात.

मन उदास असेल तर एक प्रश्न कुणी विचारला नाही तरी तुम्ही स्वतःहून सांगा: आयुष्यात कधी सलग काही दिवस झोप कमी होऊनही थकवा नव्हता, डोकं सुसाट पळत होतं, बोलणं आणि खर्च हाताबाहेर गेला होता, असं झालं होतं का? उत्तर हो असेल तर बायपोलरची (उदासी आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजाराची) शक्यता तपासावी लागते, आणि चौथा व पाचवा टप्पा बदलतो.

मेंदूचा नकाशा म्हणजे निदान नव्हे. डोक्याच्या १९ जागांवरून ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) घेऊन रंगीत चित्रं काढली की अहवाल भारदस्त दिसतो, पण त्यातल्या लाल ठिपक्यावरून एडीएचडी किंवा डिप्रेशन ठरवता येत नाही. थीटा (मंद) आणि बीटा (वेगवान) लहरींच्या गुणोत्तराचा फार गवगवा झाला. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली ते मोजणाऱ्या एका उपकरणाला परवानगी दिली, तीही डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून. एडीएचडी असलेल्या कित्येकांचं हे गुणोत्तर अगदी सर्वसाधारण निघतं.

थांबा: मरणाचे विचार, स्वतःला इजा करणं, भास होणं, अनेक दिवस अन्नपाणी जवळजवळ बंद, यांतलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच मानसोपचारतज्ज्ञाला किंवा जवळच्या तातडीच्या विभागाला गाठा. माणसाला एकटं सोडू नका.

तपासा: निदान कुणी केलं, कशावरून केलं आणि दुसरं काय काय वगळलं, हे तीन ओळींत लिहिता येतंय का? येत नसेल तर पहिला टप्पा अजून संपलेला नाही.

## २. चालू गोळ्यांना हात लावायचा नाही

"औषधाविना" या शब्दाने घोळ होतो. हे उपाय सुरू करण्यासाठी गोळी बंद करावी लागत नाही. डिप्रेशनच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं सुरू होतं. बायपोलरवरचं लिथियम अचानक बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका असतो. मग हा त्रास नव्या उपायाचा, जुन्या आजाराचा की गोळी सोडल्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही. गोळी कमी करायची असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, आणि तीही नवव्या टप्प्यानंतर.

आणखी एक. "नैसर्गिक" म्हणून मिळणाऱ्या गोळ्या ही औषधंच असतात. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर घेतली तर शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते. असलं काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

## ३. दोन आठवडे फक्त नोंद

या टप्प्यावर काहीच सुरू करायचं नसतं, म्हणून लोक तो गाळतात. नंतर २० सेशन झाल्यावर "फरक पडला का?" विचारलं की आई म्हणते थोडा पडलाय, वडील म्हणतात काहीच नाही, आणि दोघंही मनापासून बोलत असतात.

"लक्ष सुधारायला हवं" हे माप नव्हे. माप असं हवं की दुसऱ्या माणसाने मोजलं तरी आकडा तोच येईल. उदाहरणार्थ:

- गृहपाठाला बसल्यापासून पहिल्यांदा उठेपर्यंत किती मिनिटं
- सकाळी तयार होताना तीच सूचना किती वेळा द्यावी लागली
- ठरलेल्या पाच कामांपैकी किती पूर्ण झाली
- अंथरुणातून उठायला गजर वाजल्यापासून किती वेळ लागला

दोन किंवा तीनच मापं निवडा. दहा निवडली तर चौथ्या दिवशी वही कोरी राहते. मोठ्यांच्या डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची प्रश्नावली वापरा. गुण ० ते २७ मध्ये येतात, १० पासून पुढे मध्यम त्रास धरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर बेरीज किती झाली हे न बघता डॉक्टरांशी बोला.

मुलाच्या बाबतीत एक नोंद अशा शिक्षकाकडून घ्या, ज्यांना उपचाराबद्दल माहीत नाही किंवा त्याची तारीख तरी माहीत नाही. पैसे भरलेल्या माणसाच्या डोळ्यांना फरक लवकर दिसतो. हा दोष पालकांचा नाही, डोळे असेच असतात.

तपासा: १४ दिवसांपैकी किमान १० दिवसांचे आकडे आहेत का? वाईट दिवस गाळले तर नाहीत ना?

## ४. झोप

अपुऱ्या झोपेचं मूल आणि एडीएचडीचं मूल वर्गात जवळजवळ सारखंच वागतं. म्हणून झोप नीट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सुरुवात झोपायच्या वेळेपासून न करता उठायच्या वेळेपासून करा. रोज, सुट्टीच्या दिवशीही, अर्ध्या तासाच्या फरकात तीच वेळ. उठल्यावर लवकर उजेडात या. पलंगावर पडून २० मिनिटांच्या आसपास झोप आली नाही असं वाटलं तर उठून दुसरीकडे बसा, झोप आली की परत या. घड्याळाकडे बघत बसू नका. तीन महिन्यांपेक्षा जुना निद्रानाश असेल तर त्यासाठी सीबीटी-आय नावाचा, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारा ठरावीक उपचार आहे आणि मोठ्यांसाठी तो गोळीच्या आधीचा उपाय मानला जातो.

सावधान: त्या उपचारात पलंगावरचा वेळ मुद्दाम कमी करतात. बायपोलर किंवा अपस्मार असेल तर हे घरी करू नका. झोप कमी झाल्याने उन्माद किंवा झटका येऊ शकतो.

## ५. ज्याला पुरावा भक्कम, ते आधी

### मूल लहान असेल तर आईवडिलांचं प्रशिक्षण

चार-पाच वर्षांच्या मुलाला एडीएचडी असेल तर पहिला उपचार हाच. मोठ्या मुलांतही तो बाकी उपचारांच्या जोडीला लागतो. "शिकायचं आम्हाला? त्रास तर त्याला आहे," असं ऐकून घ्यायची सवय झाली आहे. पण अशा मुलाच्या मेंदूला परिणाम लगेच दिसावा लागतो, आणि तो लगेच दाखवणं मोठ्यांच्याच हातात असतं.

सूचना एक, छोटी, जवळ जाऊन. "खोली आवर" नको. "पुस्तकं या खणात ठेव" हवं. ठोकळ्यांचा किंवा टिकल्यांचा तक्ता (चांगलं वागलं की टिकली, टिकल्यांवर बक्षीस) करायचा तर त्यावर दोनच वागणुकी लिहा, आणि बक्षीस त्याच दिवशी द्या. तक्ते फसतात ते तीन कारणांनी: दहा कलमं असतात, बक्षीस महिनाअखेरीस असतं, किंवा मूल चिडलं म्हणून मिळवलेली टिकली काढून घेतली जाते. कमावलेलं परत घ्यायचं नाही. एकदा घेतलंत की तक्त्यावरचा विश्वास उडतो.

### मोठ्यांचं लक्ष

इथे कौशल्यांवर भर देणारी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) उपयोगी पडते. थोडक्यात, जे डोक्यात राहत नाही ते डोक्याबाहेर ठेवायचं. एकच यादी, एकच कॅलेंडर, डोळ्यांसमोर घड्याळ, आणि प्रत्येक कामाची पहिली हालचाल लिहिलेली. "अहवाल पूर्ण करणे" हे काम सुरूच होत नाही. "फाइल उघडून शीर्षक टाइप करणे" सुरू होतं.

### उदास मन

बिहेविअरल ॲक्टिव्हेशन हे नाव जड आहे, पण पद्धत साधी: मन येण्याची वाट न बघता कृती आधी, मन मागून. पहिला आठवडा तासातासाला काय केलं आणि मन ० ते १० मध्ये कुठे होतं, एवढंच लिहा. दुसऱ्या आठवड्यात, ज्या गोष्टींनी आकडा जरा तरी वर गेला त्यांतल्या दोन निवडा आणि वार-वेळ ठरवून टाका.

चूक होते ती आकारात. ज्याला अंघोळही जड जाते त्याला "रोज सकाळी तासभर चाल" सांगितलं की तिसऱ्या दिवशी नापास झाल्याची आणखी एक नोंद होते. त्याची पहिली पायरी "टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारापर्यंत जाणे" ही असू शकते. हसू नका, दारापर्यंत गेलेला माणूस पुष्कळदा आत जातो. व्यायामाचंही तसंच, १० मिनिटांपासून. डिप्रेशनमध्ये व्यायामाचा उपयोग होतो, पण तो सुरू ठेवला तर.

वारंवार उलटणाऱ्या डिप्रेशनमध्ये, एक झटका ओसरल्यावर पुढचा टाळण्यासाठी, माइंडफुलनेसवर (चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावावर) आधारलेला ८ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. ऐन खोल उदासीत एकट्याने तासन्‌तास डोळे मिटून बसणं ही वेगळी गोष्ट. काहींची घालमेल त्याने वाढते.

ठरावीक ऋतूत उतरणाऱ्या मनासाठी प्रकाशाचा दिवा: १०,००० लक्स (उजेडाचं माप), अतिनील किरण गाळणारा, सकाळी उठल्यावर लवकर, साधारण ३० मिनिटं. डब्यावरचे १०,००० लक्स कंपनीने दिलेल्या अंतरावरच मिळतात. दिवा सोयीसाठी दुप्पट लांब ठेवला की उजेड झपाट्याने उतरतो आणि उपचाराचं नुसतं टेबललॅम्प होतं. दिव्याकडे टक लावायची नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

तपासा: एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू केली आहे ना? दोन नव्या गोष्टींमध्ये किमान दोन-तीन आठवडे गेले पाहिजेत.

## ६. आता न्यूरोफीडबॅक: घ्यायचा की नाही

डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावतात, ते मेंदूचे सूक्ष्म विद्युत संकेत वाचतात, संगणक त्यांतल्या ठरावीक लहरी वेगळ्या करतो, आणि त्या हव्या तशा झाल्या की पडद्यावरचं विमान पुढे जातं किंवा आवाज येतो. मेंदूने त्यातून शिकावं, ही कल्पना. यंत्र फक्त वाचतं, डोक्यात वीज सोडत नाही. वीज सोडणारी यंत्रं वेगळी असतात. "न्यूरो" म्हणून दोन्ही एकाच माळेत विकली जातात, तेव्हा हे विचारून घ्या.

पुरावा काय सांगतो? एडीएचडीच्या सुमारे १४० मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अर्ध्याहून अधिक मुलांना खरा न्यूरोफीडबॅक दिला, उरलेल्यांना हुबेहूब तसाच दिसणारा खोटा. मुलं, पालक, सेशन घेणारे, कुणालाच माहीत नव्हतं. ३८ सेशननंतर दोन्ही गट सुधारले, जवळजवळ सारखेच. पुढे ३८ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही, कोणता उपचार चालू आहे हे ज्यांना बहुधा माहीत नव्हतं अशांनी दिलेल्या नोंदींत, एकूण गटाला ठळक फायदा दिसला नाही. डिप्रेशनसाठी कपाळाच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या अल्फा (निवांत जागेपणीच्या) लहरींचा समतोल शिकवतात. त्यामागचा पुरावा याहून विरळ आहे.

मग सरळ नाहीच म्हणावं का? मी तसं म्हणत नाही. मुलं सुधारली हे खरं, फक्त ते लहरींमुळे झालं असं दाखवता आलेलं नाही. ठरलेल्या वेळी शांत बसणं, एका मोठ्या माणसाचं पूर्ण लक्ष मिळणं, घरच्यांची आशा, यांचाही त्यात हात असणार. पहिले पाच टप्पे झालेत, पैशाची ओढाताण होत नाही आणि अपेक्षा जमिनीवर आहे, तर जोड म्हणून करून पाहायला हरकत नाही. पाचव्या टप्प्याऐवजी मात्र नाही.

पैसे देण्याआधी विचारा: तुमचं मूळ शिक्षण काय? कोणत्या जागेवर, कोणती लहर, वर न्यायची की खाली? फरक नाही पडला तर कितव्या सेशनला थांबणार? न घेतलेल्या सेशनचे पैसे परत मिळतील का? "९० टक्के मुलं बरी होतात" हे उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

## ७. सेशनच्या दिवशीची तयारी

केस आदल्या रात्री धुतलेले, कोरडे. तेल, जेल, स्प्रे काही नाही. पोट भरलेलं, पण नुकतंच जेवून सुस्तावलेलं नको. चहा-कॉफी आणि गोळीची वेळ रोजच्यासारखीच. एक दिवस घेऊन आणि एक दिवस न घेता आलात तर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आदल्या रात्री झोप फार कमी झाली असेल तर सेशन पुढे ढकला. झोपाळू मेंदूची थीटा तशीही चढलेली असते, त्या दिवशी यंत्र झोपेशीच झुंजतं.

आठवड्याला २ ते ३ सेशन, एकूण ३० ते ४०, अशी नेहमीची आखणी असते. परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या तोंडावर सुरुवात करू नका.

## ८. सेशन चालू असताना काय बघायचं

त्वचा हलकी घासून, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवतात. त्यानंतर त्वचेचा विद्युत अडथळा मोजायलाच हवा. ५ किलोओहमच्या खाली हा जुना, चांगला नियम. काही नव्या यंत्रांना याहून जास्त चालतो, पण मोजणं कुणालाच चुकत नाही.

मग ही चाचणी करून घ्या, एक मिनिट लागतं. दात घट्ट आवळा. पडद्यावर बीटा उसळेल. डोळे पटापट मिटा. कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर मंद लहरी उसळतील. यांतलं काहीच मेंदूचं शिक्षण नव्हे, जबड्याचे स्नायू आणि डोळ्यांची हालचाल आहे. आता बघा, दात आवळलेले असताना यंत्र बक्षीस देतंय का? देत असेल तर मूल न कळत दात आवळायला शिकेल.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका मुलाची बीटा सलग सहा सेशन चढत होती आणि मी आलेख दाखवून घरच्यांना खूश करत होतो. सातव्या वेळी खुर्ची जरा तिरकी होती म्हणून त्याचा गाल बाजूने दिसला. विमान पुढे जायचं तेव्हा कानाखालचा स्नायू टरारून फुगत होता. सहा सेशन मी त्याचा जबडा घडवला. घरच्यांना ते सांगताना माझी मान खाली होती, आणि ती सहा सेशन हिशोबातून काढली.

घरी वापरायच्या डोक्यावरच्या पट्ट्यांचे सेन्सर बहुधा कपाळावरच असतात, नेमके भुवया आणि डोळ्यांच्या स्नायूंजवळ. त्यांच्या "एकाग्रता ८७" वर निर्णय घेऊ नका.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची, म्हणजे कोणत्या पातळीला बक्षीस मिळतं त्याची. तो दर काही सेकंदांनी आपोआप सरकत राहिला तर मेंदू काहीही करो, बक्षिसाचं प्रमाण तेवढंच राहतं. सेशनच्या सुरुवातीला उंबरठा कुठे होता आणि शेवटी कुठे, हे आकडे मागा. नुसते मिळालेले गुण मागू नका.

सावधान: डोकेदुखी, थकवा, चिडचिड, झोप बिघडणं होऊ शकतं, बहुधा लवकर जातं. दोन-तीन सेशन सलग तसंच राहिलं तर जागा किंवा लहर बदलायला सांगा, नाहीतर थांबा. अपस्मार असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला सांगितल्याशिवाय सुरुवातच नको.

पडद्यासमोर शिकलेलं वहीसमोर यायला हवं. म्हणून दहाव्या सेशननंतर काही मिनिटं पडदा बंद करून, त्याच स्थितीत राहायला सांगून, लगेच पाच मिनिटं खरं काम करायचं: वाचन, गणित, जे अडतंय ते. हा भाग नसेल तर मूल विमान उडवण्यात पटाईत होतं आणि गृहपाठ जिथे होता तिथेच राहतो.

## ९. थांबायची तारीख आधीच लिहा

पहिल्या दिवशी वहीत दोन तारखा लिहा, बाराव्या आणि विसाव्या सेशनच्या. त्या दिवशी तिसऱ्या टप्प्यातली तीच मापं पुन्हा दोन आठवड्यांच्या सरासरीने काढा. तारखेच्या दिवसाचा एकटा आकडा धरू नका.

बाराव्याला काही हललं नसेल तर जागा, लहर आणि जबडा तपासा. विसाव्यालाही मापं जिथल्या तिथे असतील आणि शिक्षकांच्या नोंदीतही काही नसेल, तर बंद. "आता कुठे मेंदू तयार होतोय, आणखी वीस घ्या" हे वाक्य त्या दिवशी हमखास ऐकू येतं. तेव्हा वही उघडून समोर ठेवा आणि यातला कोणता आकडा तयार होतोय, ते विचारा.

फरक पडला असेल तर एकदम न तोडता आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक असं कमी करा. नोंद मात्र शेवटच्या सेशननंतर आणखी तीन महिने ठेवा, दर महिन्याला एक आठवडा पुरे. गोळी कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला जाल तेव्हा तीच वही बरोबर न्या.